बसण्याचा पगार

मास्तरांना मास्तर म्हणत ते शाळेमुळे नव्हे, कात्रीमुळे. सोफे, खुर्च्या आणि बसगाड्यांची आसनं यांच्यावर कापड नि रेक्झिन चढवणाऱ्या एका कारखान्यात ते कापडकापणीचे मास्तर होते. कारखाना हा जरा मोठाच शब्द झाला. होती एक लांबट शेड. पुढे शिलाईची यंत्रं, मागे सुतारकाम आणि मधोमध मास्तरांचं टेबल. त्या टेबलावर तागा उलगडला की मास्तर आधी त्यावरून तळहात फिरवायचे, मग खडूने आखायचे, आणि एकदा कात्री लागली की मधे थांबायचे नाहीत. “मास्तरांनी कापलं म्हणजे बघायला नको,” असं शिलाईवाल्या बायका म्हणायच्या.

आणि इकडे मास्तरांना खरोखरच बघता येईनासं झालं होतं.

आधी कडा गेल्या. समोरचं नीट दिसायचं, पण बाजूला ठेवलेलं स्टूल दिसायचं नाही. नडग्यांवर सदा काळेनिळे डाग. मग संध्याकाळ लवकर व्हायला लागली. म्हणजे इतरांची आपल्या वेळेला, मास्तरांची त्याच्या बरीच आधी. जगाकडे नळीतून बघतोय असं वाटायचं आणि ती नळी दर वर्षी बारीक होत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, याला औषध नाही, ऑपरेशन नाही. सावकाश जाईल, पण जाईल. मास्तरांनी ते ऐकून घेतलं, घरी येऊन “चष्म्याचा नंबर वाढलाय” एवढंच सांगितलं आणि विषय मिटवला.

लपवायला ते पुरते तरबेज झाले होते. मापं काटकुळ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. काटकुळा म्हणजे त्यांच्या हाताखालचा कारागीर. आता दोन लेकरांचा बाप होता, पण पहिल्या दिवशी पडलेलं नाव काही सुटलं नव्हतं. “तुझं वाचन सुधारू दे, म्हणून म्हणतो,” असं मास्तर वर त्यालाच ऐकवायचे. कुणाला धडकले तर आधी त्याच्यावरच डाफरायचे. डाफरणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

पण एकदा एका हॉटेलचं मोठं काम आलं. बारीक वेलबुट्टीचं, गडद रंगाचं महागडं कापड. वेल खालून वर चढायला हवी, हे मास्तरांना झोपेतसुद्धा कळत होतं. फक्त त्या गडद कापडावरची गडद वेल त्यांना दिसली नाही. त्यांनी हात फिरवला, विणीवरून अंदाज बांधला आणि कात्री लावली. सगळा तागा कापून झाल्यावर शिलाईवाली एक बाई तुकडे जुळवता जुळवता थबकली. म्हणाली, “मास्तर, या पाठींवर वेल उलटी आलीय हो.”

शेडमधली यंत्रं एकामागून एक थांबली. तसलं कापड पुन्हा मिळणार नव्हतं. हॉटेलवाल्यांची मनधरणी करता करता मालकिणीच्या नाकी नऊ आले. ही मालकीण म्हणजे जुन्या मालकांची लेक. फ्रॉक घालून याच टेबलाखाली चिंध्यांची घरं करत मोठी झालेली, वडील गेल्यावर कारखाना अंगावर घेतलेली. ती मास्तरांना वेडंवाकडं काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, “काका, बरं नाही का तुम्हाला?”

तिथे मास्तरांनी खरं सांगायला हवं होतं. पण त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला. “कंटाळा आलाय पोरी,” ते म्हणाले. “बरीच वर्षं केलं. आता मेव्हण्याबरोबर धंदा बघणार आहे. उद्यापासून येत नाही.”

मास्तरांना मेव्हणा नव्हता. निघताना त्यांनी टेबलावरून एकदा हात फिरवला आणि कुणाचा निरोप न घेता पाय काढता घेतला.

घरी मात्र लपवण्यासारखं काही उरलं नाही. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन भांडी घासायला बसली, ती घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिली. बाहेर येऊन म्हणाली, “डोळे गेले त्याचं एक दुःख. पण मला नंबर वाढल्याचं सांगितलंत, त्याचं जास्त.”

घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. त्यांना ऐकू येत नसे, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना मान्य नसे. जावयाला दिसत नाही हे त्यांना लेकीने कानात ओरडून सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “दिसत नाही तर काय झालं, इथेच कुठेतरी असतील ते.” त्या दिवशी घरात तेवढंच एक हसू फुटलं.

मग दिवस गेले. बायकोने एका शाळेत मुलांना जेवण वाढायचं काम धरलं. मास्तर खिडकीशी बसून राहायचे. नळी मिटत मिटत शेवटी उजेड कुठे नि अंधार कुठे एवढंच कळू लागलं. सासूबाई शेजारी बसून रस्त्यावरचं सगळं त्यांना सांगायच्या, पण उत्तर ऐकायच्या नाहीत; त्यामुळे दोघांचं छान जमायचं. तरी माणूस आतून वाळत चालला होता. जेवायला बसले की म्हणायचे, “भूक कुठली लागते, काही केलंच नाही तर.”

सरकारी रोजगार केंद्रात बायकोच गेली. शाळेतल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की अपंग माणसांना काम देण्यासाठी आता कायदा झालाय आणि तिथे एक बाई आहेत, त्या पाठपुरावा सोडत नाहीत. त्या बाई दुसऱ्याच आठवड्यात घरी आल्या. चपलांचा फटफट आवाज जिना चढून वर आला, दारात क्षणभर धापा टाकत थांबला आणि मग खुर्ची कुरकुरली.

“मला टोचणीबाई म्हणतात,” त्या म्हणाल्या. “कंपन्यांचे साहेब म्हणतात, माझ्या मागे. मला ठाऊक आहे. मी त्यांना टोचत असते ना, जागा भरा, जागा भरा म्हणून. तर मास्तर, काय येतं तुम्हाला?”

“काही नाही,” मास्तर म्हणाले. “आता काही नाही.”

“बरं. लिहिते, बोलता छान येतं.”

टोचणीबाईंनी सगळं समजावून सांगितलं. मोठ्या कंपन्यांना ठरावीक जागा अशा माणसांसाठी राखून ठेवाव्याच लागतात, नाहीतर दंड. शहराबाहेर प्लास्टिकच्या टोपल्या-बादल्या बनवणारी एक कंपनी होती, तिथे जागा होती. महिन्याभरात मास्तरांच्या हाती नेमणुकीचा कागद आला. बायकोने तो वाचून दाखवला. सासूबाईंना ओरडून सांगितलं. त्यांनी जावयाची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. मास्तरांना रडू आवरेना. ज्या कुणी हा कायदा केला असेल त्याचं भलं होवो, असं ते दिवसभर म्हणत होते.

पहिल्या दिवशी कंपनीची गाडी न्यायला आली. एका माणसाने हाताला धरून त्यांना एका खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, चहा दिला. “आरामात बसा हं,” म्हणाला आणि गेला. मास्तर बसले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. पुन्हा चहा आला. मग गाडी आली आणि त्यांना घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं, “काम काय करायचं?”

कोपऱ्यातून एक बाईमाणूस हसलं. “नवीन दिसताय. इथे काम नसतं, मास्तर. इथे आपण असतो.”

ती पंचविशीतली मुलगी होती. लहानपणच्या आजारानंतर तिच्या पायांत बळ राहिलं नव्हतं. ती चाकाच्या खुर्चीत असायची आणि स्वतःला राणीसरकार म्हणवून घ्यायची. “सिंहासन सोबत घेऊनच फिरते मी,” म्हणायची. हिशेबाचं शिक्षण झालेलं, कॉम्प्युटर येतो, आणि दिवसभर करते काय, तर फोनवर गाणी ऐकते. कंपनीने सरळ ठरवून टाकलं होतं: दंड भरण्यापेक्षा पगार देऊन माणसं खोलीत बसवलेली बरी. कामात घ्यायचं म्हटलं तर त्यांच्यासाठी जागा बदला, शिकवा, लक्ष ठेवा; एवढी उठाठेव कोण करणार? साहेब मनाने वाईट नव्हते. जाता-येता दारातून विचारायचे, “काय, सगळं ठीक? चहा मिळतोय ना?”

मास्तरांनी आधी मनाला समजावलं. पगार येतोय, बायकोचे कष्ट हलके झालेत, आपण तोंड वर करून बोलायचं ते कशाच्या जोरावर? पण ज्या माणसाने उभा जन्म इतरांना बसायला गाद्या केल्या, त्याला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवेना. शेजारच्या भिंतीपलीकडे यंत्रं धडधडायची, माणसं एकमेकांना शिव्या घालायची, हसायची. मास्तर कान देऊन ऐकायचे. एकदा घरी बायकोने विचारलं, “आज काय केलंत?” आणि मास्तर खोटं बोलले. “टोपल्या मोजल्या,” म्हणाले. पुन्हा खोटं. पुन्हा तेच.

त्या रात्री त्यांनी बायकोला खरं सांगून टाकलं. ती अंथरुणात उठून बसली. मग म्हणाली, “आयता पगार कुणाला नको असतो हो? पण तुमचं जेवण अजून तसंच आहे. अर्धी पोळी.”

पावसाळा सरल्यावर एक दिवस कंपनीत धावपळ उडाली. सरकारी पाहणी होती. साहेबांनी स्वतः येऊन तिघा-चौघांच्या पुढ्यात टोपल्यांचे ढीग ठेवायला लावले. “कुणी विचारलं तर म्हणायचं, तपासतो,” ते म्हणाले. “एवढंच हं. थोड्या वेळाचा प्रश्न आहे.”

दाराबाहेर चपलांचा फटफट आवाज आला आणि मास्तरांनी तो लगेच ओळखला. टोचणीबाईंबरोबर एक तपासणी अधिकारी होते. ते मास्तरांपाशी आले. “नमस्कार. काय काम करता इथे?”

मास्तरांच्या हातात एक टोपली होती. त्यांनी ती खाली ठेवली.

“बसतो,” ते म्हणाले.

“म्हणजे?”

“सकाळी येतो, बसतो. मन लावून बसतो, साहेब. कामात कसूर नाही. मधे चहा घेतो. मग मला घरी नेऊन सोडतात.”

मग कोपऱ्यातून राणीसरकारांचं हसू फुटलं, ते थांबेचना, आणि थांबलं तेव्हा ती रडत होती. “मी पण बसते,” ती म्हणाली. “माझ्याकडे तर स्वतःची खुर्ची आहे.”

अधिकारी कंपनीच्या साहेबांना घेऊन बाहेर गेले. दार लोटलेलं असूनही बरंच काही ऐकू येत होतं. टोचणीबाई मात्र आतच थांबल्या. मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“चूक माझी पण आहे, मास्तर. जागा भरली की माझ्या कागदावर खूण होते. ती खूण करून मी पुढच्या दाराला जाते.”

“तुम्हाला बोल नाही लावत, बाई,” मास्तर म्हणाले. “तुमच्यामुळे घरात दोन घास सुखाचे आले. ते मी विसरणार नाही. पण मला बसायचा कंटाळा आला हो.”

त्या पाहणीनंतर कंपनीला तंबी मिळाली. टोचणीबाईंनी साहेबांच्या मागे तगादा लावला आणि राणीसरकारांना मालाच्या मागणीच्या विभागात टेबल मिळालं. दाराचा उंबरा काढला, बस्स, तेवढ्याने काम झालं. पुढे तीच साहेबांना तारखांवरून झापायची म्हणे. पण मास्तरांना तिथे जमण्यासारखं काही सापडेना. टोचणीबाई पुन्हा एकदा जिना चढून घरी आल्या.

“नवीन योजना निघालीय,” खुर्ची कुरकुरवत त्या म्हणाल्या. “लहान कारखान्यांसाठी. त्यांना सक्ती नाही, त्यांना मदत. सुरुवातीला पगारातला मोठा वाटा सरकारचा, मग हळूहळू कमी होत जायचा. जागेत बदल लागले तर त्याचा खर्च सरकारचा. शिकवायला, सोबत राहायला काही महिने आमचा माणूस. आणि नाहीच जमलं, तर मालकावर काही बालंट नाही. तोटा झाला तर आमचा, फायदा झाला तर त्यांचा. आता सांगा, तुमचा जुना कारखाना कुठे आहे?”

मास्तरांनी मान हलवली. “तिथे नको.”

“का?”

“तिथे तोंड दाखवायला जागा नाही मला. दुसरीकडे कुठेही बघा. सिमेंटच्या गोणी उचलतो.”

“बरं,” टोचणीबाई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन कबूल झाल्या, की मास्तरांना संशय यायला हवा होता.

चारच दिवसांनी दार वाजलं. बायको शाळेत होती. मास्तरांनी खुणावलं तशी सासूबाईंनी दार उघडलं आणि आल्या माणसाला पाहून ओरडल्या, “अहो, कुणी मुलगी आलीय! तुम्हाला शोधतेय!” मास्तर खिडकीपाशी उभे राहिले. कापडाचा, फोमचा नि गोंदाचा वास खोलीत शिरला होता.

“मेव्हणा कसा आहे?” मालकीण म्हणाली.

मास्तरांनी चाचपडत तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“काका, सांगितलं का नाहीत मला? मी इतके दिवस समजत होते, की तुम्ही माझ्यावर रागावून गेलात. बाबांसारखा कारखाना मला चालवता येत नाही, म्हणून गेलात. काटकुळ्याला विचारलं, शिलाईवाल्यांना विचारलं. एकदा तर त्या मेव्हण्याला शोधायला माणूस पाठवणार होते.”

“सांगितलं असतं,” मास्तर अडखळत म्हणाले, “तर ठेवलं असतंस?”

मास्तरांना नंतर नेहमी वाटायचं, की त्या क्षणी ती ‘हो’ म्हणून मोकळी झाली असती, तर आपण पुन्हा गेलोच नसतो.

“नसतं ठेवलं,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी काहीतरी केलं असतं, घरी येत राहिले असते, पण कामावर नसतं ठेवलं. कापणी सोडून दुसरं काय द्यायचं ते मला सुचलं नसतं. आणि सुचलं असतं तरी, खरं सांगते, तेव्हा परवडलं नसतं. मन होतं हो काका, हिंमत नव्हती. परवा त्या टोचणीबाई काकूंकडून पत्ता घेऊन आल्या, सगळं समजावलं, त्यात मला तुमच्या डोळ्यांचं कळलं. आता हिंमत आहे. येता का?”

“कापणी नाही जमणार मला.”

“कापणी काटकुळा करतोय. तुम्ही पट्टे ताणा, स्प्रिंगा बांधा. ते हाताचं काम आहे. निदान बघा तरी.”

“बघायलाच तर जमत नाही पोरी,” मास्तर म्हणाले, आणि दोघंही हसली. सासूबाई मागून चहा घेऊन आल्या आणि कशावर हसताय हे न विचारता त्याही हसल्या.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या आठवड्यात मास्तरांनी स्वतःचाच अंगठा हातोडीने ठेचला. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीची एक बैठक अशी भरली, की तिच्यावर बसलेला माणूस डावीकडे घसरत जायचा. स्प्रिंगा बांधताना सुतळीची गाठ कुठल्या बाजूला ओढायची हे त्यांना माहीत होतं. पण डोळ्यांनी माहीत असणं वेगळं आणि बोटांनी वेगळं. टोचणीबाईंच्या केंद्राकडून एक शिकवणारा माणूस रोज यायचा. शांत स्वभावाचा, चुकलं की नुसतं “पुन्हा” म्हणायचा. त्यानेच शेडमध्ये येण्याजाण्याची वाट आखून घेतली, फरशीवर खरखरीत पट्टी चिकटवली, हत्यारांसाठी खाचा असलेला एक फळा करवून घेतला. त्या वाटेवर कुणी काही ठेवायचं नाही असं ठरलं. तरी ठेवायचे. मास्तर आपटायचे. मग ज्याने ठेवलं असेल त्याला सगळ्या शिलाईवाल्या मिळून धारेवर धरायच्या.

सगळ्यात अवघड गेलं ते काटकुळ्याचं. आता मास्तर तो होता. काही सांगायचं झालं की त्याची जीभ अडायची. मास्तरांचं काम चुकलं, तर त्यांना न सांगता जेवणाच्या सुट्टीत गुपचूप स्वतः दुरुस्त करायचा. एकदा मास्तर लवकर परतले आणि आपल्याच बैठकीवरच्या सुतळ्या कापल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

“कोण आहे?”

“मी... मीच, मास्तर. जरा ढिली वाटली म्हणून.”

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती तिथेच विझली. त्यांना ती प्लास्टिकच्या टोपल्यांची खोली आठवली. ते येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसले.

“ढिली असेल तर मला सांग. ओरडून सांग. मी तुला सांगायचो की नाही?”

“तुम्ही कान पिळायचात.”

“मग पीळ.”

काटकुळ्याने कान काही पिळले नाहीत, पण त्या दिवसापासून तो बोलू लागला. “मास्तर, उजवी मागची ढिली आहे.” “मास्तर, काथ्या कोपऱ्यात गोळा झालाय, पुन्हा भरा.” आणि मास्तर पुन्हा भरायचे. पुन्हा पुन्हा भरता भरता बोटं शिकत गेली. उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या हातचं काम परत यायचं बंद झालं. ते इतरांहून सरस नव्हतं, झटपट तर नव्हतंच. पण घट्ट होतं, सारखं होतं, आणि मालाच्या गाडीत चढत होतं. घरी आल्यावर हातांना सुतळीचे वळ असायचे. बायको त्यांवर तेल लावायची आणि मास्तर जेवायला बसले की न विचारता दुसरी पोळी वाढायची.

पहिल्या वर्षाच्या अखेरीला टोचणीबाईंनी केंद्रावर लहान मालकांची एक बैठक बोलावली. बेकरीवाला, छापखानेवाले, एक रोपवाटिकेची बाई, गॅरेजवाला. मालकिणीने आपला अनुभव सांगायचा होता, म्हणून ती मास्तरांना घेऊन गेली. ती बरं बोलली, पण मालकांचं समाधान होईना. त्यांच्या मनातले प्रश्न तिला विचारण्यासारखे नव्हते. शेवटी बेकरीवाला, जाडजूड आवाजाचा माणूस, उठून म्हणाला, “मला मास्तरांनाच विचारायचंय. खरं सांगा मास्तर. तुमचा मालकिणीला त्रास होतो का?”

सगळे अवघडले. टोचणीबाईंची खुर्ची कुरकुरली. मास्तर उभे राहिले.

“झाला,” ते म्हणाले. “पहिले काही महिने पुष्कळ झाला. माल वाया गेला, वेळ गेला, लोकांना माझ्यासाठी वाट सोडायची सवय लावून घ्यावी लागली. एकट्या मालकिणीवर तो भार पडला असता, तर तिने मला ठेवलं नसतं, आणि मी तिला दोष दिला नसता. पण भार एकटीवर नव्हता. पगाराला हातभार होता, शिकवायला माणूस होता. तेवढ्या काळात माझे हात तयार झाले. सरकारचा वाटा कमी कमी होत चाललाय, आणि मी त्याच्या जागी कामाला येत चाललोय.” ते जरा थांबले. “मला कायदे कळत नाहीत. कुठल्यातरी सभागृहात कुणीतरी बसून, वाद घालून, एकेक ओळ लिहिली असणार. त्यांना माझं नाव ठाऊक नाही, मला त्यांचं नाही. पण जेवताना मी रोज त्यांची आठवण काढतो. तुम्ही काढा म्हणत नाही. तुम्ही फक्त एक माणूस घेऊन बघा. आणि त्याला बसवून ठेवू नका.”

कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. बेकरीवाला मटकन खाली बसला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला, पण आता खालच्या पट्टीत, टोचणीबाईंशी. “माझ्या बहिणीचा मुलगा आहे, बोलता येत नाही, ऐकू येत नाही. घरीच असतो. नात्यातला चालतो का हो योजनेत?”

“चालतो की,” टोचणीबाई म्हणाल्या. “पण नात्यातला म्हणून सवलत द्यायची नाही. पाव जळला तर ओरडायचं.”

“ऐकू येत नाही म्हटलं ना, बाई.”

“मग हातवारे करून ओरडायला शिका. शिकवायला आमचा माणूस येईल.”

खोलीत पहिल्यांदाच मोकळं हसू पसरलं. मास्तरांनी मालकिणीच्या कोपराला हात लावला आणि दोघं दाराकडे निघाली. बाहेर दुपारचं ऊन होतं. चेहऱ्यावर ऊब आली तशी मास्तरांनी मान वर केली.

“थांबायचं का थोडं, काका?” मालकिणीने विचारलं. “दमलात?”

“छे,” मास्तर म्हणाले. “बसच्या आसनांचा माल उद्या जायचाय. चल लवकर, काटकुळा ओरडेल मला.”